पहिल्यांदाच डीएम होताय? मॉन्स्टर कसे निवडायचे आणि कसे खेळवायचे

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या गोष्टीच्या खेळात डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डन्जन मास्टर, म्हणून माझ्या पहिल्याच सेशनमध्ये मी एक विझार्ड, म्हणजे जादूगार पात्र, मारला. खेळ सुरू होऊन जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती, वडापाव अजून गरम होते, आणि जिने दोन रात्री जागून त्या विझार्डची सात पिढ्यांची कुंडली लिहून आणली होती ती मैत्रीण माझ्याकडे नुसती बघत होती. समोर ओगर, म्हणजे एक धिप्पाड, आडदांड मॉन्स्टर. गदा लागली, डॅमेज सतरा. विझार्डचे हिट पॉइंट (एचपी, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा) आठ. नियम असा आहे की एचपी शून्यावर आल्यावर उरलेलं डॅमेज तुमच्या कमाल एचपीइतकं किंवा जास्त असेल तर बेशुद्ध पडणं वगैरे काही नाही, पात्र जागीच मरतं. आठ गेले, नऊ उरले. खेळ खलास.

दोष फाशांचा नव्हता. ओगरच्या गदेचं डॅमेज २डी८ + ४, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेत चार मिळवायचे. आठ एचपीच्या पात्राला जागेवर मारायला सोळा पुरतात, आणि गदा लागलीच तर ६४ पैकी १५ वेळा सोळा किंवा त्याहून जास्त येतात. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं होतं. मी ते केलंच नाही, कारण ओगर मी पुस्तकातलं चित्र बघून निवडला होता.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तोंडओळख आहे, दोन-चारदा खेळून झालंय आणि आता ग्रुपने तुम्हालाच डीएमच्या खुर्चीत बसवलंय, असं धरून लिहितोय. बाकीचे एकेक पात्र खेळणार. उरलेलं जग, म्हणजे खानावळवाल्यापासून ड्रॅगनपर्यंत सगळे, तुमच्या अंगावर.

आधी सामान

मॉन्स्टरचं जाडजूड पुस्तक लगेच विकत घ्यायची गरज नाही. २०२३च्या जानेवारीत फिफ्थ एडिशनचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. त्याला एसआरडी ५.१ म्हणतात, पीडीएफ फुकट मिळते. या लेखातले गॉब्लिन, कोबोल्ड, ओगर, ट्रोल, रस्ट मॉन्स्टर, जिलेटिनस क्यूब, मिमिक, राक्षस हे सगळे त्यात आहेत. बिहोल्डरसारखे काही नामांकित चेहरे कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेत, पण पहिलं वर्षभर त्यांच्यावाचून तुमचं काही अडणार नाही. खाली दिलेले आकडे याच नियमांतले, म्हणजे २०१४च्या आवृत्तीचे आहेत.

मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, त्याही नकोत. मी आजही कॅरमच्या सोंगट्या वापरतो. काळ्या म्हणजे गॉब्लिन, पांढऱ्या म्हणजे गावकरी किंवा ओलीस, आणि लाल राणी म्हणजे त्या दिवशीचा म्होरक्या. एकच सूचना: ड्रॉइंग शीटवर चौकोन सव्वा इंचाचे आखा. एक इंचाच्या चौकोनात सोंगटी मावत नाही आणि मग अर्धा सेशन ‘तो इकडे आहे की तिकडे’ यात जातो.

पायरी १: स्टॅट ब्लॉक खालून वर वाचा

नवीन डीएम स्टॅट ब्लॉक, म्हणजे मॉन्स्टरच्या आकड्यांचा तक्ता, वरून वाचायला घेतो: आकार, स्वभाव, आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा), एचपी. तिथेच थकतो. मी आधी खालचा भाग वाचतो: आपल्या पाळीत हा नेमकं करतो काय? मग मधली खास वैशिष्ट्यं. एसी-एचपी सगळ्यात शेवटी. आणि मग स्वतःला विचारतो, हा मॉन्स्टर खेळाडूंपुढे कोणता प्रश्न टाकतो?

ओगरचा प्रश्न एवढाच असतो, ‘किती मार खाल?’ त्याचं उत्तरही एकच, त्याच्या आधी तुम्ही मारा. पाच मिनिटांत गंमत संपते. माझे लाडके मॉन्स्टर सगळे असे आहेत की त्यांना नुसती तलवार मारून भागत नाही. खेळाडू एकमेकांची तोंडं बघतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘थांबा, थांबा, एक मिनिट.’ ते ‘थांबा’ ऐकायला मी दर शनिवारी तीन तास घसा कोरडा करतो.

वाचून झालं की वहीच्या अर्ध्या पानावर उतरवून घ्या. माझ्या गॉब्लिनच्या चिठ्ठीवर एवढंच आहे:

गॉब्लिन. एसी १५, एचपी ७. तलवार किंवा धनुष्य +४, १डी६ + २. वार करून लपतो किंवा सटकतो. हवंय: खाणं, चांदी. भितो: म्होरक्याला. पळतो: पहिला मेला की फासा टाका.

शेवटच्या तीन गोष्टी पुस्तकात नसतात, त्या तुम्ही लिहायच्या. सेशन चालवतं ते त्यांच्याच जोरावर.

पायरी २: बजेट, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

प्रत्येक मॉन्स्टरला चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती अवघड ते सांगणारा आकडा, आणि त्यानुसार एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, असतात. गॉब्लिनचे ५०, ओगरचे ४५०. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसाठी २०१४चे नियम सांगतात: १०० एक्सपी सोपं, २०० मध्यम, ३०० अवघड, ४०० जीवघेणं. शिवाय मॉन्स्टर तीन ते सहा असतील तर बेरजेला दोनने गुणायचं, कारण जितके जास्त हात तितके जास्त वार. म्हणजे चार गॉब्लिन: २०० गुणिले २, बरोबर ४००. जीवघेणं!

आता गंमत बघा. २०२४च्या नव्या नियमांत तो गुणाकारच काढून टाकलाय. पहिल्या लेव्हलला डोई ५० एक्सपी म्हणजे हलकी लढाई, ७५ मध्यम, १०० भारी. त्या हिशेबाने तेच चार गॉब्लिन ‘हलके’ ठरतात. एकाच गावातल्या दोन ज्योतिषांनी एकच पत्रिका बघून एकाने लग्नाचा आणि दुसऱ्याने घातवाराचा योग काढावा तसं हे.

म्हणून मी तिसरा हिशेब करतो. गॉब्लिनच्या वाराच्या फाशात +४ मिळवायचे. समोर एसी १६चा फायटर असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर हवेत, म्हणजे १०० पैकी ४५ वेळा वार लागतो. लागला तर सरासरी साडेपाच. चार गॉब्लिनांचे मिळून एका फेरीत साधारण दहा एचपी. विझार्डसारखा उघडाबोडका समोर असेल तर याहून जास्त. चौघा खेळाडूंचे मिळून एचपी चाळीसच्या आसपास. म्हणजे खेळाडूंनी काहीच केलं नाही तर चार फेऱ्यांत सगळे आडवे. ते काहीतरी करतातच, पण गॉब्लिन दबा धरून बसले असतील आणि पहिली फेरी फुकट मिळाली तर पारडं लगेच फिरतं. २०१४च्या स्टार्टर बॉक्समधल्या साहसाची पहिलीच चकमक अशी आहे, वाटेवर दबा धरून बसलेले चार गॉब्लिन. कित्येक नवे ग्रुप तिथेच गारद झालेत. तुम्ही तीन ठेवा.

उलट चूकही टाळा. एकटाच मोठा मॉन्स्टर ठेवलात तर त्याची एक पाळी आणि खेळाडूंच्या चार. बिचारा गर्दीत सापडलेल्या पाकीटमारासारखा मार खातो. मोठा एक आणि सोबत चिल्लर दोन-तीन, हे गणित बहुतेक वेळा बसतं.

पायरी ३: गॉब्लिनला पळू द्या

गॉब्लिनची सगळी जान एका ओळीत आहे: आपल्या पाळीत वार करून वर तो बोनस अॅक्शन (त्याच पाळीतली जादा चाल) म्हणून लपू शकतो किंवा अंगाशी आलेल्यातून सुखरूप निसटू शकतो. नवीन डीएम ही ओळ विसरतो आणि गॉब्लिनांना रांगेत उभं करून कापून घेतो.

असं करून बघा. दोन्ही बाजूंना झुडपं, मध्ये बैलगाडीची वाट. पहिला गॉब्लिन झुडपातून बाण सोडतो, लपतो. पुढच्या फेरीत लपलेल्या जागेवरून मारतो म्हणून त्याला अॅडव्हांटेज: दोन फासे, त्यातला मोठा घ्यायचा. फायटर चिडून तीस फूट धावत त्याच्यापर्यंत जातो, वार चुकतो. गॉब्लिन त्याला एक ओरखडा काढतो, बगलेतून निसटतो आणि तीस फुटांवर दुसऱ्या झुडपात. आमचा फायटर खेळणारा मित्र एकदा खरोखर खुर्चीतून उठून ओरडला होता, ‘अरे ए, उभा तरी राहा!’ सात एचपीच्या किरकोळ प्राण्याने साडेसहा फुटी योद्ध्याला एवढं रडवलं, यातच सगळं आलं. मग पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, डोकं लावते: एकाने आमिष व्हायचं, दुसऱ्याने बाण ताणून वाट बघायची, तिसऱ्याने झुडपावर तेल ओतायचं.

एक पथ्य. कोणी बेशुद्ध पडला तर गॉब्लिनला त्याच्यावर पुन्हा वार करायला लावू नका. त्याला चांदी हवीय, मुडदा नकोय. तो पडलेल्याची पिशवी ओढत नेईल. खेळाडू त्या पिशवीसाठी स्वतःच्या जिवापेक्षा जास्त धावतात, अनुभवाने सांगतो.

पायरी ४: सगळे शेवटपर्यंत लढत नसतात

हा नियम मी जुन्या खेळातून उचललाय. १९८१च्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ असा ‘मोराल’चा, म्हणजे हिंमतीचा, आकडा होता. त्यांच्यातला पहिला मेला की आणि निम्मे पडले की, असं दोनदा, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या वर गेली तर ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचा आकडा ७, कोबोल्डचा ६. सांगाड्याचा १२, तो कधीच पळत नाही. त्याला गमवायला काय उरलंय?

म्हणजे पहिला गॉब्लिन पडल्यावर बाकीचे धूम ठोकायची शक्यता ३६त १५. हा एक नियम आणलात की लढाया निम्म्या वेळात संपतात. शिवाय हाती एक जिवंत कैदी लागतो, आणि कैदी म्हणजे फुकटात मिळालेली पुढच्या सेशनची गोष्ट. आमच्याकडे असाच एक गॉब्लिन पकडला गेला. नाव विचारलं, मला सुचेना, कोणीतरी म्हणालं ‘पिंट्या’. पिंट्या आता त्याच वाटेवर खानावळ चालवतो आणि पार्टीला उधारी देत नाही.

पायरी ५: तलवारीने न सुटणारे

गॉब्लिन हातात बसले की यांच्याकडे या.

रस्ट मॉन्स्टर माझा सगळ्यात आवडता. एचपी २७, चावा किरकोळ, जीव घेण्याची त्याला अजिबात इच्छा नाही. तो लोखंड खातो, बस्स. साध्या धातूच्या शस्त्राने त्याला मारलं की शस्त्राच्या डॅमेजमधून कायमचा एक कमी, उणे पाचला शस्त्र मोडीत. त्याच्या मिशा चिलखताला लागल्या तर एसी कमी. ज्या फायटरने ट्रोलसमोर पापणी हलवली नाही तोच चिलखत काढून हातात धरून पळताना मी पाहिलाय. विझार्ड मात्र मजेत, त्याच्या अंगावर लोखंड असतंच किती! आणि सुटण्याची वाट सोपी आहे: पिशवीतले खिळे लांब फेका. ती ज्याला सुचते तो पुढचे दोन महिने ते ऐकवतो.

याचा जन्मही मजेशीर. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेली स्वस्त प्लास्टिकची खेळणी आणली होती, पाकिटात मिळणारी, कशाशी मेळ नसलेल्या विचित्र प्राण्यांची. त्यांतल्या एकाचा रस्ट मॉन्स्टर झाला, एकाचा आऊलबेअर, एकाचा बुलेट, हेही खेळातले मॉन्स्टरच. तेव्हा जत्रेतून आणलेलं वेडंवाकडं प्लास्टिक टाकू नका.

जिलेटिनस क्यूब म्हणजे दहा फूट लांब-रुंद-उंच पारदर्शक ठोकळा. हा कशासाठी जन्मला ते उघड आहे, जुन्या नकाशांतले बोळ दहा फुटीच असायचे. त्याचं नाव सांगू नका आणि ‘जेली’ हा शब्द तर चुकूनही नको, सगळे हसतात. असं सांगा: ‘बोळाच्या टोकाला एक सांगाडा उभा आहे. पाय जमिनीला टेकलेले नाहीत. हलत नाहीये, पण हळूहळू जवळ येतोय. सोबत एक वहाण आणि तीन नाणी, तीही हवेत.’ आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, देवाचं नाव घेऊन सांगाड्याला हुसकावायचा प्रयत्न केला. काहीच होईना, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली ती मी अजून विसरलो नाही. क्यूबचा वेग फक्त पंधरा फूट, एसी ६, म्हणजे पळताही येतं आणि वारही लागतो. पण आत ओढला गेलात तर दर फेरीला ६डी६ आम्ल, सरासरी २१. तिसऱ्या लेव्हलच्या आत हा आणू नका. विझार्डवाली चूक पुन्हा होईल.

ट्रोल पाचव्या लेव्हलच्या आसपास. दर पाळीला दहा एचपी भरून येतात, आग किंवा आम्ल लागलं तरच त्या फेरीपुरते थांबतात. हे जुन्या खेळाडूंना तोंडपाठ असतं, नव्यांना माहीतच नसतं. म्हणून मी आदल्या सेशनला एखादा म्हातारा धनगर ठेवतो, त्याच्या शेकोटीजवळ एक जळका, जाडजूड हात पडलेला असतो. तो का जाळला, हे विचारलं तरच सांगायचं.

मिमिक, म्हणजे संदूक असल्याचं सोंग करणारा प्राणी, एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या एका गोष्टीत, एकदाच. दुसऱ्यांदा आणलात की खेळाडू प्रत्येक दाराला, खुर्चीला आणि तांब्याला काठीने ढोसत बसतात आणि तुमचं डंजन सहा महिने पुढे सरकत नाही.

कोबोल्ड पाच एचपीचा, कोणीही हसावं असा. पण १९८७ साली अमेरिकेतल्या ‘ड्रॅगन’ मासिकात एका डीएमच्या कोबोल्डांबद्दल छापून आलं होतं: अरुंद बोगदे, आग, सापळे, भिंतींच्या फटींतून येणारे बाण, आणि त्यापुढे टेकीला आलेली कसलेली पात्रं. त्या कोबोल्डांचे आकडे नेहमीचेच होते. बदलली होती ती जागा. मॉन्स्टर दुबळा वाटला तर एचपी वाढवण्याआधी नकाशा अरुंद करा.

पायरी ६: नाव सांगू नका, विशेषतः राक्षसाचं

१९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षस आहे. म्हणजे नाव आपलं. चित्रात आहे वाघाच्या तोंडाचा, झगा घालून पाईप ओढत बसलेला एक शौकीन गृहस्थ. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळवे उलटे, म्हणजे हात लांब केला की तळहाताच्या जागी मागची बाजू. मराठी टेबलावर यात मोठी अडचण होते. ‘राक्षस’ म्हटलं की लोकांना रामलीलेतल्या मिशा आणि गडगडाटी हसू आठवतं, आणि उलटं काहीतरी म्हटलं की हडळीचे पाय. दोन्हीकडून पंचाईत.

तर मी शब्दच वापरला नाही. एक सावकार होता, गोड बोलणारा. दोन सेशन तो पार्टीला पैसे पुरवत होता. तिसऱ्यात त्यांच्यासमोर बसून विडा लावत होता आणि मी सांगत होतो: पान उलगडलं, चुना घेतला, कात, सुपारी. ‘बोटाने चुना पसरवतोय. अंगठा... अंगठा तुमच्या बाजूला असायला हवा, तो त्याच्या बाजूला आहे.’ चौघांनी नकळत स्वतःचे हात बघितले.

या राक्षसाशी पहिल्या लेव्हलला लढायचं नसतंच. चॅलेंज रेटिंग १३, मनातलं ओळखतो, हवं ते रूप घेतो, सहाव्या लेव्हलपर्यंतचे मंत्र त्याला मान्य असतील तरच लागतात. तो कर्ज द्यायला ठेवायचा.

पहिल्या शनिवारसाठी

सुरुवातीला सगळ्यांना एकदा विचारून घ्या, कोणाला काय नको. आमच्यात एकीला कोळी अजिबात चालत नाहीत, तेव्हा आमच्या जगात कोळी नाहीत.

मग वाट, झुडपं, तीन गॉब्लिन. त्यातला एक पळणार किंवा पकडला जाणार. त्याच्याकडून किंवा त्याच्या मागावर जाऊन पार्टी एका पडक्या लोहारखान्यापर्यंत पोचते. आत कुठेही लोखंडाचा तुकडा नाही, ऐरणीच्या जागी नुसती तांबूस भुकटी. कोपऱ्यात एक रस्ट मॉन्स्टर, उपाशी. फायटरला विचारा, चिलखत कशाचं आहे? आणि थांबा. तीन तासांना एवढं भरपूर होतं. चिठ्ठ्या दोनच लागतील. राणी त्या दिवशी डब्यातच राहू द्या.